परदेशात ‘स्लिपर’ मागण्याआधी: पायताणांची बोली इंग्रजी नावं

लंडनच्या दुकानात ‘स्लिपर्स’ मागितल्या तर समोर येतात घरात थंडीच्या दिवसांत घालायचे मऊ अस्तराचे जोडे. आपल्याला हवी असते दोन पट्ट्यांची रबरी चप्पल. बोली नावांत अशी गफलत पावलोपावली होते. म्हणून शब्द पाठ करण्याआधी तो कोणत्या देशात चालतो ते बघा.

सुरुवात रबरी चपलेपासून करा, सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच आहे. पट्टा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून जात असेल, तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती ‘फ्लिप-फ्लॉप्स’. पावलावर एकच रुंद पट्टा असेल तर ‘स्लाइड्स’, ब्रिटनमध्ये ‘स्लायडर्स’. न्यूझीलंडमध्ये बोटात अडकणाऱ्या चपलेला ‘जँडल्स’ म्हणतात. ‘जपानी’ आणि ‘सँडल’ या दोन शब्दांना जोडून बनलेलं हे नाव १९५७ साली तिथे ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत ‘स्लॉप्स’. सिंगापूर आणि हवाईत मात्र आपली ‘स्लिपर’च चालते. ऑस्ट्रेलियात हीच चप्पल ‘थाँग्ज’. तिथे हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सगळे वापरतात, पण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्याचा पहिला अर्थ तोकडं अंतर्वस्त्र. सिडनीहून न्यूयॉर्कला बदली झाली तर हा शब्द आधी सोडा.

रोजच्या स्पोर्ट्स शूजना अमेरिकेत ‘स्नीकर्स’ म्हणतात हे खरं, पण सगळीकडे नाही. दक्षिणेत आणि पश्चिमेत लोक सर्रास ‘टेनिस शूज’ म्हणतात, टेनिस खेळत नसले तरी. शिकागोकडे ‘जिम शूज’ ऐकू येतं. ब्रिटनमध्ये ‘ट्रेनर्स’, आयर्लंड आणि कॅनडात ‘रनर्स’, दक्षिण आफ्रिकेत ‘टॅकीज’. लंडनची तरुण मुलं ‘क्रेप्स’ म्हणतात. उच्चार ऐकून धिरड्यासारखा फ्रेंच पदार्थ डोळ्यांसमोर येतो, तेव्हा संदर्भ बघूनच अर्थ लावायचा.

मुलं ब्रिटनमधल्या शाळेत जाणार असतील तर आणखी एक शब्द लागेल. शाळेच्या यादीतले ‘प्लिमसोल्स’ म्हणजे पातळ रबरी तळाचे, पीटीच्या तासाला घालायचे कॅनव्हासचे बूट. जहाजात माल किती भरायचा याची मर्यादा दाखवणारी, बाहेरच्या बाजूला आखलेली रेघ म्हणजे प्लिमसोल रेषा. तिच्याशी हे नाव जोडलेलं आहे: बुटाच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी त्या रेषेसारखी दिसते. हेच बूट ब्रिस्टल आणि साउथ वेल्समध्ये ‘डॅप्स’, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये ‘गटीज’, तर इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागात ‘पंप्स’ होतात. अमेरिकेत ‘पंप्स’ मागितले तर मिळतात टाचेचे, बायकांचे फॉर्मल शूज. ब्रिटनमध्ये त्यांना ‘कोर्ट शूज’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘कोर्ट शूज’ म्हटलं की बॅडमिंटन आठवतं. मागवण्याआधी फोटो बघा, नावावर जाऊ नका.

पावसाळी बुटांचं सोपं आहे. आपला ‘गमबूट’ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत कळतो, ब्रिटनमध्ये ‘वेलीज’, अमेरिकेत ‘रेन बूट्स’.

आता व्याकरण. मराठीत ‘जोडा’ एकवचनी, म्हणून तोंडातून ‘माय शूज इज न्यू’ निघून जातं. ‘शूज’बरोबर ‘आर’ लागतं, ‘पेअर’ पुढे आला की ‘इज’: ‘दीज शूज आर न्यू’, पण ‘धिस पेअर इज न्यू’. बोली शब्दांत तर वचन चुकलं की अर्थच बदलतो. ‘किक्स’ म्हणजे बूट, पण ‘आय गॉट अ न्यू किक’ ऐकून समोरचा लाथेचा विचार करेल. ‘अ ट्रेनर’ म्हटलं तर आधी व्यायाम शिकवणारा माणूस आठवतो. खात्रीचा मार्ग एकच: ‘अ पेअर ऑफ’ लावा किंवा सरळ अनेकवचन वापरा. कौतुक करायचं तर ‘नाइस किक्स!’ एवढं पुरतं. मित्राला चालतं, मुलाखत घेणाऱ्याला नाही.

बुटांच्या शौकिनांची भाषा ऑनलाइन खरेदीत फार उपयोगी पडते. ‘बीटर्स’ म्हणजे चिखलात, प्रवासात बिनधास्त वापरायचा जुना जोड. ‘ग्रेल’ म्हणजे वर्षानुवर्षं हवासा वाटणारा जोड. ‘डेडस्टॉक’पाशी मराठी माणूस हमखास अडखळतो. आपल्या सरकारी कार्यालयांत ‘डेड स्टॉक’ म्हणजे जडसंग्रह (टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ वस्तू), तर दुकानात न खपलेला माल. शौकिनांच्या तोंडी मात्र अर्थ एकदम उलटा: कधीही पायात न घातलेला, मूळ खोक्यासकट असलेला जोड, आणि त्यामुळेच महाग.

साइट ब्रिटिश असेल तर ‘ट्रेनर्स’ शोधा, अमेरिकन असेल तर ‘स्नीकर्स’. आकडाही बदलतो: पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश ८ हा अमेरिकन साधारण ८.५ ते ९ होतो, ब्रँडप्रमाणे फरक पडतो. म्हणून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडा. तक्रारीच्या ईमेलमध्ये बोली शब्द नकोत. ‘शूज’ लिहा, सोबत मॉडेलचं नाव द्या. पबच्या दारावर ‘नो ट्रेनर्स’ लिहिलेलं असेल तर ते महागड्या स्पोर्ट्स शूजनाही लागू असतं.

राहिली कोल्हापुरी. तिला ‘फ्लिप-फ्लॉप’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला रबर दिसतं. ‘चप्पल’ हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात आहेच, तेव्हा ‘लेदर चप्पल्स’ म्हणा. समोरच्याला कळलं नाही तर ‘लेदर सँडल्स विथ अ टो लूप’. टो लूप म्हणजे आपला अंगठा.