फौजेतून रिटायर झालात आणि आमदारकी लढायचीय? इंदूर-महूवाल्यांनी आधी हे वाचा

महूत पोस्टिंग झाली, मुलांच्या शाळा इथेच झाल्या, मग इंदुरात फ्लॅट घेतला आणि इथलेच झाले, असे आपले मराठी फौजी कमी नाहीत. त्यातल्या प्रत्येकाला सोसायटीच्या गणपतीत कोणीतरी म्हणतंच की साहेब तुम्ही इलेक्शन लढा. ऐकायला बरं वाटतं, पण म्हणणारा तुमच्यासाठी उन्हात बूथवर बसेलच असं नाही.

पहिलं काम मतदार यादीचं. नोकरीत असताना नाव सर्व्हिस व्होटर म्हणून गावच्या यादीत, म्हणजे सातारा-सांगली जे काय असेल तिथे शेवटच्या भागात पडलेलं असतं, आणि मध्य प्रदेश विधानसभेला उभं राहायचं तर याच राज्यात मतदार असावं लागतं, तेव्हा रिटायर झाल्या झाल्या इथे फॉर्म 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरून टाका. महूचा मतदार इंदूर-3 मधून लढू शकतो, फक्त तुमचे प्रस्तावक त्याच मतदारसंघातले हवेत. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक पुरे, अपक्षाला दहा. वय किमान 25, ते आपल्या मंडळींना कधीच पार झालेलं. हा वयाचा नियम घटनेतला, आणि बाबासाहेब जन्मले महूतच, सुभेदार रामजींच्या घरी, म्हणजे फौज आणि विधानसभा यांचं नातं इथे काही नवीन नाही.

सर्व्हिसमध्ये असेपर्यंत राजकारणापासून चार हात लांब राहायचं, पक्षाची मीटिंगसुद्धा नको. पेन्शनची अडचण नाही, पण रिटायरमेंटनंतर परत सरकारी नोकरी धरली असेल तर ती अर्ज भरायच्या आधी सोडा, लाभाचं पद म्हणून उमेदवारी उडू शकते.

आता खरं काम, ज्याला वर्षं लागतात. इथे आमदाराकडे लोक येतात ते समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), नामांतरण म्हणजे मालमत्ता आपल्या नावावर चढवणं, ड्रेनेज, सीएम हेल्पलाइन 181 वर केलेली तक्रार न सोडवताच बंद झाली असल्या कामांसाठी, सर्जिकल स्ट्राइकवर चर्चा करायला नाही. सुरुवात घरच्याच पिचवर करा. समजा कॉलनीत एका हवालदाराच्या विधवा बाई आहेत, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नाव सुमन, आधारवर सुमनबाई, म्हणून स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर पेन्शन अडकलीय. मुलगा पुण्यात. तुम्ही बाईंना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला चिठ्ठी लिहा, पुन्हा पुन्हा पाठपुरावा करा. पेन्शन सुरू झाली की अख्ख्या गल्लीत तुमचं नाव होतं, फ्लेक्स लावून तेवढं होत नाही. शक्य असेल तर आधी इंदूर नगर निगममध्ये पार्षदकी, म्हणजे आपली नगरसेवकी, लढा, 85 वॉर्ड आहेत, तिथे हरलं तरी बूथ कसा चालतो ते कळतं.

रँकचं काय? नावापुढे निवृत्त लिहा, पण ऑर्डर देणं विसरा. कार्यकर्ता जवान नाहीये, त्याला पगार नाही, तो रुसतो आणि रुसला की दुसऱ्याच्या गाडीत बसतो. साफ इमेजवर पण फार विसंबू नका. उत्तराखंडात 2012 ला मेजर जनरल खंडुरी मुख्यमंत्री होते, 'खंडुरी है जरूरी' ही घोषणा सगळीकडे, आणि स्वतःच कोटद्वारमधून हरले, त्यांच्या भाजपला 31 जागा आणि काँग्रेसला 32! उलट कर्नल राज्यवर्धन राठोड 2 वेळा खासदार राहून 2023 ला झोटवाड्यातून आमदार झाले, पण ते ऑलिम्पिक मेडलवाले, आपली तुलना नको. आणि प्रचारात युनिफॉर्म, जवानांचे किंवा सेनाध्यक्षांचे फोटो अजिबात नको, निवडणूक आयोगाने 2013 आणि 2019 ला स्पष्ट सांगितलंय.

अर्जाच्या दिवशी वेळ 11 ते 3, यात फौजी चुकणार नाही. चुकतो तो फॉर्म 26 मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या मालमत्ता-केसेसच्या प्रतिज्ञापत्रात. बायकोचा प्लॉट, जॉइंट एफडी, कर्ज, केसेस सगळं लिहायचं, जिथे काही नाही तिथे 'निरंक' लिहा, कोरं ठेवलं आणि सांगूनही भरलं नाही तर अर्ज रद्द होतो. डिपॉझिट 10,000, एससी-एसटी उमेदवाराला 5,000, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतंसुद्धा मिळाली नाहीत तर ते गेलं.

खर्चाची मर्यादा 40 लाख. त्यासाठी वेगळं बँक खातं काढा आणि एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख देऊ नका, मंडपवाला कितीही गळ घालू दे. रजिस्टर रोज लिहायला कॅन्टीनचा हिशोब ठेवलेला एखादा जुना क्लार्क सुभेदार मिळाला तर बघा, त्याच्यासारखा माणूस नाही. कारण जिंका नाहीतर हरा, निकालापासून 30 दिवसांत हिशोब जमा करावाच लागतो, धड कारण न देता चुकवला तर 3 वर्षं लढायला बंदी येऊ शकते, आणि हरलेले लोक नेमके हेच विसरतात.