गावाची पूरवही: पाण्याची रेघ आणि पडझड कशी नोंदवावी

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर 2005, 2019 आणि 2021 चे पूर सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण पाणी कुठवर आलं होतं असं विचारलं की उत्तर येतं, "छातीएवढं." कुणाच्या छातीएवढं, आणि कुठं उभं राहून? तेव्हाचा रस्ता आता काँक्रीट होऊन वीतभर वर आलाय. म्हणून पूरवही, म्हणजे गावातल्या पुराच्या नोंदींची वही, आठवणीपासून नव्हे, न हलणाऱ्या खुणेपासून सुरू करायची.

मारुतीच्या देवळाची दगडी पायरी किंवा जुन्या चावडीचं जोतं निवडा आणि ते शून्य धरा. रस्ता, गटार किंवा कुणाचा उंबरा धरू नका, ते बदलत राहतात. तिथून घरोघरी उंची न्यायला गवंड्यांची पाणी भरलेली 15 मीटरची पारदर्शक नळी पुरते. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी येते. आधी दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेषेत आलं तरच पुढं निघा. टप्प्याटप्प्यानं जाऊन शेवटी पुन्हा शून्यावर या. 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर सगळं माप परत घ्या.

खरी चूक रेघ ओळखताना होते. विटांच्या आणि मातीच्या भिंतीत ओल वर चढते, त्यामुळे ओलीचा डाग पाण्याच्या पातळीपेक्षा कितीतरी वर दिसतो. तो मोजायचा नाही. ओल न शोषणाऱ्या जागी बघा: न्हाणीच्या फरशा, लोखंडी कपाटाची मागची बाजू, मीटरची पेटी. तिथं गाळाची केसासारखी बारीक, आडवी रेघ सापडते. पूर ओसरताना पाणी थांबत थांबत उतरतं, म्हणून एकाखाली एक रेघा असतात. सर्वांत वरची घ्या. हे काम आठवड्याच्या आत उरका, कारण पुरापाठोपाठ गणपती येतात, घरं धुतली-रंगवली जातात आणि पुरावा पुसला जातो. रेघेवर ऑइलपेंटची पट्टी ओढून खाली तारीख लिहा.

जुन्या पुराची उंची फक्त सांगण्यावरून घेताना वेगवेगळ्या गल्लीतल्या दोन घरांचं माप जुळलं तरच पक्की धरा. नाहीतर शेजारी "ऐकीव" असं लिहा.

वहीत प्रत्येक घराला एक पान द्या. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मधला मिळकत क्रमांक, भिंत कशाची, जोत्याची उंची, प्रत्येक पुरात पाणी किती आणि किती दिवस राहिलं, काय पडलं, मदत किती मिळाली. दिवसांचा रकाना सोडू नका. मातीची भिंत पाण्यात उभी दिसते, पण भिजून जड झालेली असते. पाणी उतरलं की बाहेरचा आधार जातो आणि ती दोन-चार दिवसांनी बसते. पंचनामा आधीच उरकला असेल तर ही पडझड कागदावर येतच नाही. तेव्हा ताबडतोब तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पंचनाम्यावर सही करण्याआधी टक्केवारी वाचा. 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत अंशतः पडझडीला किमान 15 टक्के नुकसान लागतं. त्यात पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000 रुपये आहेत, तर सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000. राज्य शासन वेगळा निर्णय काढतं तेव्हा रक्कम बदलते. म्हणजे "पूर्ण" की "अंशतः" या एका शब्दावर घर उभं राहणं अवलंबून असतं. फोटोत टेप आणि पाटीवर लिहिलेला मिळकत क्रमांक दिसू द्या. आधी लांबून चारही भिंती, मग जवळून भेग.

शेवटचा रकाना जवळच्या पुलापाशी किंवा बंधाऱ्यापाशी मोजलेल्या नदीच्या पातळीचा. सांगलीकडच्या गावांनी आयर्विन पुलाची (इशारा 40 फूट, धोका 45) आणि कोल्हापूरकडच्यांनी राजाराम बंधाऱ्याची (39 आणि 43) पातळी लिहावी. पाणी चढत असताना देवळाची पायरी कधी भिजली, ते तारीख-वेळेसह टिपा. उतरतानाची नोंद वेगळी ठेवा, ती चढतीशी जुळत नाही. 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. तेव्हा तुमच्या शून्यावर किती होतं, तो आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवा. वहीची एक प्रत रेघेच्या वरच्या घरात आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.