मालवणची बेटं, खडपं आणि कांदळवन बघायला येताय? आधी तिथी बघा

कोकणात फिरायला येणारे बहुतेक जण ऑफिसची सुट्टी बघून तारीख ठरवतात, रूम बुक करतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर विचारतात की आज काय काय बघता येईल. हे उलट करा. इथलं अर्धं निसर्गदर्शन पाणी किती वर आहे त्यावर ठरतं, आणि ते तुम्हाला घरबसल्या कळू शकतं.

तर पहिलं काम म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय बघा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला (दोन्हींचा आकडा १५ धरा) ११ च्या पुढे, आणि तिथून साधारण ६ तासांनी ओहोटी. मालवण-वेंगुर्ल्याकडे मुंबईपेक्षा थोडं लवकरच होतं, त्यामुळे हा अंदाज समजा आणि पक्की वेळ होडीवाल्याला विचारा नाहीतर ॲपवर बघा. दुसरी गोष्ट म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाण्याची फारशी हालचाल नसते. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

उधाणाचे दिवस मिळाले तर खडपांवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या खडकांवर जा. मालवणचं रॉक गार्डन सगळ्यात सोपं. या दिवसांत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते, त्यातली उजाडतानाची पकडा, आणि पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधीच पोचा. आता घाई करायची नाही. एखादं डबकं निवडा, गुडघे टेकून बसा, स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि थोडा वेळ अजिबात हलू नका. मेलेला वाटणारा शंख हळूच उचलला जातो, खालून पाय बाहेर येतात आणि तो चालायला लागतो, आत शंखातला खेकडा असतो. बाजूच्या फटीत फुलासारखं काहीतरी हलत असतं ते सी ॲनिमोन, फूल नव्हे तर प्राणी, बोट लावलंत तर मिटून बसेल, म्हणून लावू नका. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर हातात घेऊच नका, त्यातल्या काही जातींचा डंख विषारी असतो. पायात पकड असलेले सँडल हवेत, शेवाळावरून पाय सटकला की खाली धारदार कालवं असतात. आणि पाणी परत चढायला लागलं की निघायचं, अजून एक फोटो वगैरे नाही.

भांगाचे दिवस असतील तर स्नॉर्केलिंग करा. प्रवाह कमी, गाळ कमी ढवळला जातो, त्यामुळे खालचं स्वच्छ दिसायची शक्यता जास्त. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे त्याच्या आसपास प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे हे बऱ्याच पर्यटकांना माहीतच नसतं. लाईफ जॅकेट घाला, प्रवाळावर उभं राहू नका कारण तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि माशांना ब्रेड टाकायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. प्रवाळाचा तुकडा घरी न्यायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. किल्ल्यात जाणार असाल तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघा, चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं पाणी, मला किल्ल्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

कांदळवनासाठी, म्हणजे खारफुटीच्या जंगलासाठी, वेंगुर्ल्याची मांडवी खाडी बघा, तिथे महिलांचा बचत गट होडीतून सफर करवतो. वेळ अशी मागा की भरती होऊन पाणी नुकतंच उतरायला लागलंय, म्हणजे होडी आतपर्यंत जाते आणि परत येताना उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसतात, एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडेही. तिवराची मुळं चिखलातून वर आलेली असतात, झाड त्यातून श्वास घेतं. होडीवाल्या ताईंना प्रश्न विचारा, त्यांना झाडन्‌झाड माहीत असतं.

डॉल्फिनसाठी भोगवे-निवतीच्या बाजूला सकाळी लवकर जा, वारा सुटायच्या आत, आणि होडी मागे पळवू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. तारकर्ली-देवबागला पोहायचं तर गुडघाभर पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असलं तर चाहूल लागून ते निघून जातं. कर्ली नदीच्या मुखाशी, संगमाजवळ मात्र पोहू नका, तिथे ओढ फार असते.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम, पावसाळ्यात होड्या बंद असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येत असाल तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात, उत्तरेला वेळासला किंवा इकडे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला. पिल्लं साधारण सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. पण अंडी ४५ ते ६० दिवसांत कधीही फुटतात, तारीख कोणी सांगू शकत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा, आणि तिथे फ्लॅश, टॉर्च बंद ठेवा.