आडवारचे पाहुणे: एक तवसे, एक नारळ

घरी काही भाजायचे म्हटले की मैदा, अंडी, लोणी आणि ओव्हन यांची यादी डोळ्यांसमोर येते आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी तो बेत आपोआप रविवारवर ढकलला जातो. कोकणात काकडीचे धोंडस मात्र यांतल्या एकाही वस्तूवाचून भाजले जात असे. जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण ओतून ते चुलीवर मंद आचेला ठेवायचे, वर झाकण म्हणून खोलगट थाळी ठेवायची आणि त्या थाळीत निखारे घालायचे, म्हणजे खालून व वरून सारखी धग लागून दोन्ही बाजूंना खमंग तपकिरी पापुद्रा धरत असे. गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात, शहरांत हल्ली ‘काकडीचा केक’ हे नाव रुळले आहे, आणि फणसाच्या दिवसांत काकडीच्या जागी फणसाचा रस घालूनही धोंडस केले जाते. पावसाळ्यात बाजारात येणारी मोठी, जाड सालीची काकडी म्हणजे तवसे. श्रावण-भाद्रपदात ते सहज मिळते, आणि एरवी नेहमीची मोठी, भरदार काकडी घेतली तरी काही बिघडत नाही.

येथे सांगितलेला बेत सहा माणसांचा आहे: जेवायला मसालेभात, टोमॅटोचे सार आणि खमंग काकडी, आणि जेवणानंतर धोंडस. बाजारातून मुद्दाम आणायच्या वस्तू दोनच, सुमारे सव्वा किलोचे एक तवसे आणि एक मध्यम आकाराचा नारळ. या दोन्हींची वाटणी नीट केली तर चारही पदार्थ त्यांतून निघतात. साडेसहाला ओट्यापाशी उभे राहिल्यास साडेआठला पाने वाढता येतात. ज्यांना घरीच यायला साडेसात होतात त्यांनी धोंडस आदल्या रात्री करून ठेवावे; खरे तर मुरल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते.

प्रथम तवसे चाखून पाहावे. काकडीचा कडूपणा देठाच्या बाजूला आणि सालीलगत अधिक असतो, म्हणून देठाकडचा दोन बोटे भाग कापून टाकावा, साल जाडसर काढावी आणि मधल्या भागाचाही एक तुकडा तोंडात टाकून खात्री करावी. गुळाने कडूपणा झाकला जाईल या भरवशावर मी एकदा तसेच पुढे गेले आणि सगळे धोंडस फुकट गेले. कडू काकडी शिजवून गोड होत नाही, ती खाऊही नये. तवसे उभे चिरून मधला बियांचा मऊ गर चमच्याने काढून टाकावा. सुमारे सहाशे ग्रॅम भाग किसावा आणि त्याला सुटलेले पाणी कणभरही टाकू नये, कारण रवा त्याच पाण्यात शिजायचा आहे. उरलेला भाग खमंग काकडीसाठी बारीक कोचवून, हलक्या हाताने पिळून, झाकून थंड जागी ठेवावा आणि पिळलेले पाणी किसात मिसळावे. या काकडीला आताच मीठ लावू नये, नाहीतर जेवणाच्या वेळेपर्यंत तिचा नुसता रस होतो.

मग नारळ खवावा. मध्यम नारळाचा सव्वादोन ते अडीच वाट्या चव निघतो. त्यातला एक वाटी धोंडसासाठी, एक वाटी साराच्या दुधासाठी आणि राहिलेला भातावर पेरायला व काकडीत घालायला ठेवावा. परदेशात राहणाऱ्यांना ताजा नारळ फोडण्याचा खटाटोप नको असेल तर गोठवलेला खवलेला नारळ या सगळ्याला चालतो. मात्र तो आधी पूर्णपणे साध्या तापमानाला येऊ द्यावा. सुके, साखर घातलेले खोबरे येथे अजिबात वापरू नये.

धोंडसासाठी अडीचशे ग्रॅम जाडसर रवा, दोनशे ग्रॅम बारीक चिरलेला गूळ, चार मोठे चमचे साजूक तूप, अर्धा लहान चमचा मीठ, पाच-सहा वेलदोड्यांची पूड आणि मूठभर काजूचे तुकडे घ्यावेत. कित्येक घरांत रव्याऐवजी तांदळाच्या कण्या घेतात आणि त्याचे धोंडस अधिक चिवट व दाणेदार होते, परंतु कण्यांना शिजायला वेळ लागत असल्याने आडवारी रवाच सोयीचा. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तूप तापवून त्यात काजू तळून बाजूला काढावेत आणि त्याच तुपात रवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, बदामी रंग येऊन घरभर वास सुटेपर्यंत भाजावा. येथे घाई करू नये. तुपात भाजलेल्या रव्याच्या प्रत्येक कणाला स्निग्ध लेप बसतो, त्यामुळे पुढे पाण्यात पडल्यावर त्याच्या गुठळ्या होत नाहीत आणि धोंडस कापताना मोकळे, रवाळ राहते. शिवाय यात मैद्याच्या केकसारखे फुगवणारे काही नसल्याने पदार्थाची सगळी चव या भाजण्यावर आणि पुढच्या पापुद्र्यावर अवलंबून असते.

भाजलेला रवा ताटात काढून त्याच कढईत काकडीचा कीस पाण्यासकट, गूळ, मीठ आणि एक वाटी नारळ घालून उकळी आणावी. गूळ पूर्ण विरघळला की एका हाताने रवा पेरत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, आच मंद करावी आणि झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे वाफ काढावी. मिश्रण सैलसर शिऱ्याइतके असावे, म्हणजे डाव उचलल्यावर ते थबकत खाली पडले पाहिजे. काकडीत पाणी कमी निघाले आणि मिश्रण घट्ट गोळ्यासारखे झाले तर पाव ते अर्धी वाटी गरम पाणी बिनधास्त घालावे, कारण भाजताना रवा आणखी पाणी ओढून घेतो आणि आधीच कोरडे असलेले धोंडस सुरी लावताच भुगा होऊन पडते. शेवटी वेलदोडा व काजू मिसळावेत. काही जण चिमूटभर सोडा घालतात. गुळाबरोबर तो काम करतो आणि धोंडस किंचित हलके होते, पण सोड्याचा हात जरा जड झाला तरी साबणासारखी चव येते, म्हणून मी तो घालत नाही.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तो १८० अंश सेल्सियसला आधीच तापवून घ्यावा, वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याला तूप फासून त्यात मिश्रण सारखे पसरावे, वरून उरलेले तूप सोडावे आणि ४५ ते ५० मिनिटे, कडा सुटून वरचा भाग तांबूस होईपर्यंत भाजावे. मायक्रोवेव्हमध्ये हे करायचे असेल तर त्याला कन्व्हेक्शनची सोय असणे आवश्यक आहे. नुसत्या मायक्रोवेव्हवर धोंडस शिजेल, पण त्याला पापुद्रा धरणार नाही, आणि पापुद्र्यावाचून तो केवळ वडीच्या आकाराचा शिरा होय.

ओव्हन नसेल तर जुनी पद्धत गॅसवर आणता येते. लोखंडी तवा पाच मिनिटे तापवून त्यावर तूप लावलेले जाड बुडाचे पातेले ठेवावे. तव्यामुळे ज्योत थेट बुडाला लागत नाही आणि धग सर्वत्र सारखी पसरते. मिश्रण ओतून घट्ट बसणारे झाकण ठेवावे, आणि झाकणाला साचलेली वाफ थेंब होऊन परत पडू नये म्हणून ते आतून स्वच्छ सुती फडक्याने झाकून फडक्याची टोके वर मुठीशी गाठ मारून बांधावीत; टोके खाली लोंबती राहिली तर ती पेट घेऊ शकतात. अगदी मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटे ठेवावे. वर निखारे नसल्याने वरची बाजू फिकी राहते, म्हणून कडा सुटल्यावर दहा मिनिटे निववून, थाळी पालथी घालून धोंडस उलटावे आणि फिकी बाजू खाली करून थोड्या तुपावर पुन्हा सात-आठ मिनिटे भाजावे. प्रेशर कुकरात मीठ किंवा वाळू पसरून केक भाजण्याची युक्ती सर्वश्रुत आहे, परंतु कुकर हे पाणी घालून वापरायचे भांडे आहे आणि रोजचा चांगला कुकर तासभर कोरडा तापवण्यापेक्षा तवा-पातेले बरे, असे माझे मत आहे.

धोंडस आचेवर चढले की सातचा सुमार झालेला असतो आणि दुसरी शेगडी मोकळी असते. मसालेभातासाठी दोन वाट्या तांदूळ धुऊन चाळणीत निथळत ठेवावेत. आंबेमोहोराचा वास कितीही चांगला असला तरी तो भात चिकट होतो, म्हणून मसालेभाताला कोलम किंवा बासमती घ्यावा. दोनशे ग्रॅम तोंडली उभी चिरावीत. जोडीला मटार किंवा लहान वांग्याच्या फोडी चालतात. चार चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, एक तमालपत्र, तीन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा यांची फोडणी करून त्यात तोंडली चार-पाच मिनिटे परतावीत, मग तांदूळ घालून त्याचा दाणा तुकतुकीत दिसेपर्यंत परतावा. त्यावर चार वाट्या उकळते पाणी, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन लहान चमचे गोडा मसाला घालावा. गोडा मसाला फोडणीत घालण्याची चूक पुष्कळ जण करतात; त्यात भाजलेले तीळ आणि सुके खोबरे असल्याने तो तापलेल्या तेलात पाहता पाहता करपतो आणि भाताला कडवट वास येतो, म्हणून तो पाण्याबरोबरच घालावा. एक उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे आणि साधारण पंधरा मिनिटांनी पाणी आटल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटे झाकण मुळीच न उघडता भात मुरू द्यावा.

भात शिजत असताना साराची अर्धी तयारी होते. सहा लाल टोमॅटो भातानंतर मोकळ्या झालेल्या शेगडीवर उकडावेत, किंवा वेळ वाचवायचा तर कच्चेच मिक्सरमधून काढून गाळून घ्यावेत. दुसऱ्या प्रकारात मात्र कच्चट वास जाण्यासाठी रस आठ-दहा मिनिटे उकळावा लागतो. साराच्या वाट्याचा नारळ दीड वाटी कोमट पाण्याबरोबर वाटून, पिळून दूध काढावे. टोमॅटोच्या रसात मीठ, गूळ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो चांगला उकळला की आच अगदी मंद करावी, नारळाचे दूध घालावे आणि सार नुसते गरम होऊ द्यावे. दूध घातल्यावर खळखळून उकळले तर ते फाटते. वरून तूप, जिरे आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी.

एव्हाना पावणेआठ होतात आणि धोंडस उतरवायची वेळ येते. मधोमध सुरी खुपसून पाहावी. ती किंचित तुपकट, पण कच्चे पीठ न चिकटता बाहेर आली पाहिजे. गरम धोंडस कापण्याचा मोह कितीही झाला तरी ते तासभर तरी निवू द्यावे, कारण रवा आणि गूळ निवताना घट्ट धरतात आणि त्यापूर्वी सुरी लावल्यास तुकडे पडत नाहीत, चुरा पडतो. पंख्याखाली जाळीवर ठेवल्यास जेवण आटोपेपर्यंत ते नेमके कापण्याजोगे होते.

पाहुणे हात धुवायला उठले की खमंग काकडी कालवावी. पिळून ठेवलेल्या काकडीत पाऊण वाटी जाडसर दाण्याचे कूट, थोडा नारळ, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर आणि लिंबाचा रस घालून वर तूप-जिऱ्याची फोडणी ओतावी आणि मीठ सर्वांत शेवटी घालून लगेच वाढावी. भात वाढताना त्यावर उरलेला नारळ, कोथिंबीर आणि चमचाभर तूप घालावे. पाहुण्यांमध्ये कोणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारून घ्यावे. कूट वगळून काकडीत नुसता नारळ वाढवला तरी ती चांगली लागते, आणि काजू वगळल्याने धोंडसाचे काही अडत नाही.

धोंडसाच्या चौकोनी वड्या कापून वर लोण्याचा किंवा घट्ट साजूक तुपाचा लहान गोळा ठेवून द्याव्यात. उरलेल्या वड्या ओल्या नारळामुळे पावसाळी हवेत बाहेर टिकत नाहीत, म्हणून त्या पूर्ण निवल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. फ्रिजमध्ये त्या कडक होतात. सकाळच्या चहाबरोबर खाताना तव्यावर थेंबभर तूप सोडून दोन्ही बाजूंनी मंद आचेवर शेकल्या की आत पुन्हा मऊ होतात आणि पापुद्रा आदल्या रात्रीपेक्षाही कुरकुरीत होतो.