सोसायटीचा महाप्रसाद स्वतः रांधणार असाल तर या चुका टाळा

श्रावण संपत आला की आमच्या डोंबिवलीतल्या बऱ्याच इमारतींत एकच ठराव होतो: यंदा केटरर नको, महाप्रसाद आपणच करू. ठराव उत्तम आहे. एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख असलेली माणसं चार तास एकत्र तोंडली चिरतात, हे मला फार मोलाचं वाटतं. अशा स्वयंपाकांना मी अनेक वर्षं उभी राहते, आमच्या इमारतीत आणि बोलावतील तिथेही. पण दरवर्षी चुका त्याच होतात, आणि आता त्या पाहवत नाहीत.

लोकांना वाटतं, चुकतं ते मीठमसाल्यात. मीठमसाल्याचं बरंचसं सावरता येतं. सावरता येत नाही ते आधीच चुकलेलं असतं: सूचनेच्या कागदावर आणि घड्याळात.

अंगठे मोजून तांदूळ काढणे

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर सांगते.

जवळच्याच एका सोसायटीत मला मदतीला बोलावलं होतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना गेली होती: "रविवारी सायंकाळी महाप्रसाद. सर्वांनी सहकुटुंब लाभ घ्यावा." त्याखाली भराभर अंगठे आले. समितीने ते मोजले, घरटी चार माणसं धरली आणि दीडशेच्या पुढचा आकडा माझ्या हातात दिला. मी विचारलं, "नावांची यादी कुठे आहे?" यादी नव्हती.

त्या रविवारी गौरीपूजन होतं. म्हणजे ज्यांच्याकडे गौरी बसतात त्यांच्या घरी पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्णी, माहेरवाशिणी, आलागेला. दुपारी तीनला पानावरून उठलेला माणूस संध्याकाळी खाली येऊन मसालेभात कुठून खाणार? त्यात आपल्याकडे कोकणातली मंडळी किती आहेत! चतुर्थीच्या आधीच त्यांची घरं कुलूपबंद होतात आणि गौरीगणपती विसर्जन करूनच माणसं परततात. त्यांनीही अंगठे दिले होते. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" एवढाच होता. अर्ध्याहून जास्त स्वयंपाक उरला आणि त्या उरलेल्या भाताने पुढे काय केलं ते खाली येईलच.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. गौरी आवाहन, पूजन, विसर्जन हे तीन दिवस सोडा. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन असेल तो दिवसही सोडा. जैन शेजारी असतील तर पर्युषण आणि संवत्सरी याच सुमारास येतात, तेही बघा. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, आलं चालत नाही, आणि त्या दिवसांत कित्येक जण हिरवी भाजीही वर्ज्य करतात. त्यांच्यासाठी काय करायचं ते त्यांनाच विचारून ठरवा. "त्यांचं ते बघतील" म्हणणाऱ्या समितीचा मला राग येतो. एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला जेवायला बोलवायचं आणि पानात फक्त पुरी आणि शिरा ठेवायचा, याला बोलावणं म्हणत नाहीत.

मग लिफ्टजवळ कागद लावा, दोऱ्याने पेन बांधा आणि रकाने पाडा: फ्लॅट, मोठी माणसं, लहान मुलं, पाहुणे, आणि किती वाजता येणार, साडेसात की साडेनऊ. शेवटचा रकाना कोणी करत नाही, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. चार दिवसांनी दोन जणांनी मजल्यामजल्यावर जाऊन राहिलेली घरं विचारायची. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य. पण ज्यांना चार मजले चढायचा कंटाळा, त्यांनी शंभर माणसांच्या अन्नाची जबाबदारी घेऊ नये.

आकडा हातात आला की शंभर मोठ्या माणसांना माझं प्रमाण असं: पानात पुरी, भाजी, आमटी, गोड असेल तर मसालेभाताला 8 किलो तांदूळ, आमटीला 3 किलो तूरडाळ, भाजीला 8 ते 9 किलो बटाटे, शिऱ्याला 2 किलो रवा, आणि माणशी चारच्या हिशोबाने 400 पुऱ्यांना साधारण 8 किलो कणीक. मुलं निम्मी धरते. "असू दे थोडं जास्त" म्हणून कोणी दोन किलो तांदूळ गुपचूप ओतायला आला तर मी त्याला थांबवते.

चारला शिजवून दहाला वाढणे

दुसरी मोठी चूक वेळेची, आणि ती आपल्या उपनगरी आयुष्यातूनच येते. दुपारी बायका आणि निवृत्त मंडळी मोकळी असतात, म्हणून स्वयंपाक चार वाजता उरकतो. जेवणारी माणसं मात्र लोकलने येतात. मुंबईहून तासभर लोंबकळत आलेला माणूस घरी पोचून, हातपाय धुऊन, आरतीला उभा राहून पानावर बसतो तेव्हा साडेनऊ-दहा वाजलेले असतात. मधल्या सहा तासांत भाताचं काय होतं, याचा विचार कोणी करत नाही.

त्या सोसायटीत नेमकं हेच झालं. सगळा मसालेभात एकाच मोठ्या टोपात, चार वाजता तयार, वर घट्ट झाकण, झाकणावर सतरंजी. मी सांगितलं होतं की अर्धाच करा, उरलेला सातला लावू. पण "एकदाचं होऊन जाऊ दे" असं ठरलं. रात्री वाढताना वरचा थर ठीक होता. पळी खाली गेली तसा भात चिकट लागायला लागला. अकरा वाजता बराच टोप शिल्लक, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून घरोघरी डबे भरून दिले गेले. मी नको म्हणत होते. सकाळपर्यंत बऱ्याच घरांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते, त्यात लहान मुलं होती. दोष पाण्यापासून तेलापर्यंत सगळ्यांना दिला गेला, त्या सहा तासांचं नाव कोणी घेतलं नाही.

यामागचं कारण समजून घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं त्यातलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे "चांगला वाफवून घेऊ" हा उपाय उपयोगाचा नाही. मोठ्या टोपाचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि भाद्रपदातली दमट हवा त्याला मदतच करते. अन्न एकतर 60 अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे हात लावला तर चटका बसेल इतकं गरम हवं, नाहीतर दोन तासांत पोटात जायला हवं. वास आला नाही म्हणजे चांगलं, असं मुळीच समजू नका.

उपाय अवघड नाही. दुपारी फक्त तयारी करा. तोंडली चिरा, गोडा मसाला मोजून ठेवा, काजू सोला, खोबरं खवून फ्रीजमध्ये ठेवा. तांदूळ फोडणीच्या अर्धा तास आधी धुऊन निथळा. सकाळी भिजवून ठेवलेल्या तांदळाचा भात मऊ होतोच. साडेसहाला पहिला टोप, साडेआठला दुसरा. साडेसातचे किती आणि साडेनऊचे किती हे त्या कागदावर लिहिलेलं असतंच. आमटी मंद आचेवर उकळत ठेवता येते, तिला घाई नाही. शिराही वाढायच्या आधी दोन तासांच्या आतच करा. कोशिंबिरीत दही आणि मीठ मात्र पानं मांडल्यावरच. आणि उरलेला भात घरी बांधून द्यायचा नाही. दोन टोपांत केला तर तो इतका उरतही नाही.

घरचं प्रमाण वीसपट करणे

इंटरनेटवरची चार माणसांची कृती घेऊन सगळं पंचवीसने गुणणारे उत्साही लोक हल्ली प्रत्येक समितीत असतात. तांदूळ गुणला जातो, पाणी नाही. वाफ जाते ती पातेल्याच्या तोंडातून, आणि पातेलं आठपट भरलं म्हणून तोंड आठपट रुंद होत नाही. घरी जुन्या कोलमला दुप्पट पाणी लागत असेल तर मोठ्या टोपात मी पावणेदोन पट घेते, तोंडली जास्त असतील तर त्याहून थोडं कमी. पाणी नळाचं गार ओतू नका. शेजारच्या शेगडीवर आधण ठेवा आणि उकळतंच घाला, नाहीतर उकळी फुटेपर्यंत खालचा तांदूळ फुगून बसतो.

मीठ 8 किलो तांदळाला आधी 150 ग्रॅम. पाणी चाखून मग वाढवा. त्या पाण्याची चव किंचित खारट लागली पाहिजे. तिखटाचा हिशोब मुलांकडे बघून करा, ज्यांना हवं त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवता येतो. गरम मसाल्याने आणि लवंगेने मोठ्या प्रमाणात फार लवकर कडूपणा येतो, त्या गुणाकाराच्या निम्म्याच घालाव्यात.

आणि तांदूळ नवा घेऊ नका. इंद्रायणी घरी वरणाबरोबर सुरेख लागतो, पण शंभर माणसांच्या टोपात त्याचा गोळा होतो. वर्षभर जुना कोलम घ्या आणि आदल्या आठवड्यात घरी एक वाटी शिजवून बघा. दुकानदाराच्या शब्दावर पोतं उचलू नका.

भट्टीची हलगर्जी

मंडपवाल्याकडून मोठी भट्टी आणायची आणि तिला कोणाच्या तरी घरचा 14.2 किलोचा सिलिंडर जोडायचा, हे मी पाहिलं आहे. घरचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. भट्टी नीट पेटत नाही आणि मग कोणीतरी पाना घेऊन रेग्युलेटरशी खटपट करतो. भट्टीबरोबर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि त्याचा योग्य रेग्युलेटर मागवा. सिलिंडर उभा ठेवा, आचेपासून लांब. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साठतो. म्हणून तळघरात किंवा पार्किंगच्या बंद कोपऱ्यात भट्टी लावायची नाही. पावसाचं कारण सांगू नका, ताडपत्री उंच बांधून मोकळ्यावर लावा. वाळूची बादली जवळ ठेवा आणि मुलांना दोरीपलीकडे.

थोडक्यात सांगायच्या

चिरलेला कांदा आदल्या रात्री बाजारातून आणू नका. मोड आलेली मटकी या हवेत फार वेळ बाहेर राहिली तर आंबते.

पुऱ्या पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका, पोळ्या लाटणाऱ्या ताईंकडून आणा आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी द्या.

मठ्ठ्यात घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, ते विचारा. मासळीच्या पेट्यांसाठीचा बर्फ स्वस्त मिळतो म्हणून तो आणणारे असतात.

शेंगदाणे, काजू कशात आहेत ते फळ्यावर लिहा.

थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी गल्लीतल्या दुकानात मिळतात. पत्रावळी घ्या, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन पिंपांजवळ एक माणूस उभा करा, नाहीतर सगळं एकाच पिंपात जातं.

भाताला रंग नको. कडधान्य लवकर शिजावं म्हणून सोडा नको, रात्री भिजत घालायला विसरलात तर बेत बदला.

ऐन वेळी बिघडलंच तर

भात करपल्याचा वास आला की ढवळू नका. आच बंद करा, वरचा भात झाऱ्याने अलगद दुसऱ्या टोपात काढा आणि बुडाचा थर तसाच सोडा. खरवडलात की सगळ्याला वास लागतो. भात टचटचीत राहिला असेल तर उकळतं पाणी शिंपडा, ओलं फडकं घालून झाकण ठेवा आणि टोपाखाली जाड तवा सरकवून मंद आचेवर पंधरा मिनिटं दम द्या. उलट पाणी जास्त झालं असेल तर लगेच दोन-तीन परातींत पसरा आणि ताबडतोब वाढायला घ्या.

आमटी खारट झाली तर तिच्यात बटाटे टाकायचा सल्ला दहा जण देतील. बटाटा मीठ वेचून घेत नाही, तो फक्त आमटी पितो. म्हणून मी नेहमी किलोभर डाळ जास्तीची, बिनमिठाची शिजवून बाजूला ठेवते. ती घोटून घाला, लागेल तसं आधणाचं पाणी आणि चिंचगूळ वाढवा आणि एक उकळी काढा. आमटी थोडी वाढेल, पण आमटी कधी उरत नाही.