रेल बसवायला शिकताना

डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, मुलगी आता थंडगार खोलीत कॉम्प्युटरसमोर बसणार. खोली थंड होती हे खरं, पण पहिले सहा महिने मी बहुतेक वेळ रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचायच्या उंच लोखंडी चौकटीच्या, मागे गुडघ्यांवर बसून काढले, तोंडात टॉर्च आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला होता. सर्किट वाचता यायचं, मल्टिमीटर धरता यायचा. सर्व्हर ज्या दोन पट्ट्यांवर उभा असतो, त्या रेलबद्दल मात्र तीन वर्षांत कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटरची रांगच लागली आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या मुलामुलींच्या हातात तिथे सर्वात आधी जे काम पडतं, त्याला सगळे ‘रॅक अँड स्टॅक’ म्हणतात: खोक्यातून सर्व्हर काढायचा, रॅकमध्ये चढवायचा, केबल लावायची. हे हमालीचं काम समजू नका. पुढे पाच-सात वर्षं जे यंत्र अखंड चालणार, त्याचा पाया तुम्ही घालत असता.

माझी पहिली मोठी चूक सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. दोन यू (यू म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप) उंचीचा एक जड स्टोरेज बॉक्स बसवायचा होता. त्याच्यासोबत रेल आलेली नव्हती, म्हणून गोदामातली साधी कोनाची रेल घेतली, जिला स्क्रूसाठी लांबट खाचा असतात. पुढची दोन्ही टोकं बरोबर लागली. मागे उजेड कमी, समोरच्या रांगेतले पंखे कानाशी घोंगावत होते. उजव्या रेलचं मागचं टोक मी एक भोक वर लावलं. फरक जेमतेम १६ मिलिमीटरचा. खाच लांबट असल्यामुळे स्क्रू निमूट बसला. बॉक्स ठेवला तर तीन कोपऱ्यांवर टेकून थोडा डुगडुगला. मला वाटलं, पुढचे स्क्रू आवळले की बसेल जागेवर. आवळले, आणि तो बसल्यासारखा दिसला.

पाच आठवड्यांनी त्याच्या वरच्या जागेत दुसरा सर्व्हर घालायला गेले, तर तो मागे अडला. तोवर त्या बॉक्सवर ग्राहकाचा चालू डेटा होता. परवानगी मागावी लागली, रविवारी पहाटेची वेळ मिळाली, चार माणसं थांबली आणि बॉक्स बंद करून रेल एक भोक खाली आणली. आवळायला दोन मिनिटं लागली होती, चूक कळायला पाच आठवडे आणि सुधारायला एक रात्र. आमच्या शिफ्टचे दादा रागावले नाहीत. त्यांनी मला रिकाम्या रॅकसमोर उभं केलं आणि म्हणाले, “आधी भोकं वाचायला शिक.”

तर भोकांपासूनच सुरुवात करू.

रॅकच्या उभ्या खांबांवरची भोकं सारख्या अंतरावर नसतात, आणि बहुतेक नवख्यांना हेच माहीत नसतं. एक यू म्हणजे १.७५ इंच, ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूमध्ये तीन भोकं. त्यांच्यातलं अंतर १५.९ मिमी, पुन्हा १५.९ मिमी, आणि मग पुढच्या यूचं पहिलं भोक १२.७ मिमीवर. म्हणजे बोट फिरवत वर गेलात तर दोन भोकं लांब-लांब, आणि मग दोन जरा जवळ लागतात. ती जवळची जोडी सापडली की तिच्या बरोबर मधून यूची रेघ जाते. खांबावर आकडे छापलेले नसले, पुसलेले असले, तरी या जोडीवरून यू ओळखता येतो. मी आजही अंधारात नखाने ही जोडी शोधते. आकडे असतील तेव्हाही एक गोष्ट बघा: बहुतेक रॅकमध्ये मोजणी खालून वर जाते, पण वरून खाली आकडे टाकलेले रॅकही असतात. रॅकच्या नकाशात २० लिहिलंय म्हणून २० वर लावून टाकू नका. तो कुठून मोजलेला २० आहे ते आधी विचारा.

हे माप आलं टेलिफोनच्या जगातून. अमेरिकेत १९२२ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजमधल्या उपकरणांसाठी १९ इंची चौकट ठरली, पुढे ईआयए-३१० या मानकाने ती पक्की केली, आणि आज ऐरोलीतला नेटवर्कचा स्विचही त्याच रुंदीत बसतो. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी ही उपकरणाच्या पुढच्या पट्टीची रुंदी. दोन खांबांमधली मोकळी जागा सुमारे ४५० मिमी, आणि डाव्या-उजव्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर ४६५ मिमी. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे गेलात तर २१ इंची ओपन रॅकही भेटेल. त्याचा यू ४८ मिमीचा, त्यामुळे इथली सवय तिथे जशीच्या तशी चालत नाही.

आता भोकाचा आकार. चौकोनी भोकाचे रॅक सर्वात जास्त, भोकाची बाजू ९.५ मिमी. गोल भोकाचे आणि आतून आटे पाडलेलेही असतात, जुन्या जागांमध्ये हमखास. आजच्या सर्व्हरसोबत येणारी बिनस्क्रूची रेल चौकोनी भोकात नुसती दाबली की ‘टक्’ आवाज करून बसते. आटे असलेल्या भोकात मात्र तीच रेल अनेकदा बसत नाही, वेगळी रेल किंवा अडॅप्टर लागतो. माल मागवण्याआधी रॅकच्या भोकाचा फोटो मागवून घ्या.

चौकोनी भोकात स्क्रू लावायचा तर केज नट हवा: पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवलेला नट. हा नट बोटांची परीक्षा बघतो. त्याचे दोन कान भोकाच्या डाव्या-उजव्या कडांत अडकले पाहिजेत, वर-खाली नाही. वर-खाली लावला तरी बसल्यासारखा वाटतो, पण वजन आलं की निसटू शकतो. पद्धत अशी: नट खांबाच्या आतल्या बाजूने धरा, एक कान आधी कडेत घाला, मग केज नटच्या हत्याराचं टोक समोरून भोकातून घालून दुसरा कान खेचून आत घ्या. ते हत्यार म्हणजे पत्र्याची एक वाकडी पट्टी, काही रुपयांची. स्क्रूड्रायव्हरने ढकलायला जाल तर तो सटकून थेट दुसऱ्या हातात घुसतो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी त्याची खूण आहे. आणि स्क्रू बघून घ्या. आपल्याकडे बहुतेक एम-६ चालतो, पण अमेरिकेहून आलेल्या मालात १०-३२ किंवा १२-२४ आट्यांचे स्क्रू निघतात. हाताने दोन-तीन फेरे सहज गेला पाहिजे. गेला नाही तर जोर लावू नका, आटे मरतील.

रेलचे ढोबळ दोन प्रकार. एक स्थिर: उपकरण नुसतं तिच्यावर सरकवून ठेवायचं. दुसरी सरकती, ड्रॉवरसारखी, आत छर्रे असलेली. हिच्यावर सर्व्हर पुढे ओढून झाकण उघडता येतं, रॅम किंवा पंखा बदलता येतो. सरकत्या रेलमध्येही दोन तऱ्हा: एकीत रेल पूर्ण बाहेर ओढून सर्व्हरच्या कडेच्या खुंट्या वरून खाचांत सोडायच्या, दुसरीत आतली पट्टी आधी सर्व्हरला लावून मग समोरून आत सरकवायची. या दुसऱ्या तऱ्हेत एक गोष्ट चुकवू नका. छर्ऱ्यांची पट्टी आधी पूर्ण पुढे ओढून घ्या. ती मागे राहिली आणि तुम्ही सर्व्हर ढकललात, तर आतली पट्टी तिच्यावर आदळते आणि छर्रे फरशीवर सांडतात. थंड गल्लीत, म्हणजे रॅकच्या पुढे जिथे थंड हवा सोडतात तिथे, जाळीच्या फरशीतून गेलेला छर्रा पुन्हा मिळत नाही. रेल बाद.

रेलवर डावी-उजवी आणि पुढची बाजू छापलेली असते. ती वाचा. मग पुढचं टोक लावा, मागचं लावा, आणि मागे जाऊन पुन्हा मोजा. रॅकच्या मागे जायला वळसा पडतो, दार उघडावं लागतं, गरम हवा तोंडावर येते. म्हणूनच लोक ते टाळतात. माझी चूक पाच आठवडे लपून राहिली ती हेच टाळल्यामुळे.

रॅकच्या खोलीचं, म्हणजे पुढून मागपर्यंतचं, माप तितकंच नडतं. रॅक बाहेरून १००० किंवा १२०० मिमी खोल असेल, पण रेलला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला पुढच्या आणि मागच्या खांबातलं अंतर लागतं, आणि मागचे खांब पुढे-मागे सरकवता येतात. रेलच्या कागदावर किमान आणि कमाल अंतर दिलेलं असतं. टेप घेऊन ते आधी मोजा, चारही ठिकाणी, कारण डावा आणि उजवा मागचा खांब वेगवेगळ्या खाचेत लावलेला मी एकाहून जास्त वेळा पाहिला आहे. सर्व्हर भरल्यावर खांब हलवता येत नाहीत, रिकामा असतानाच ठरवा.

आणि मागे उभा पीडीयू असतो, वीज वाटणारी लांब पट्टी. ६०० मिमी रुंदीच्या रॅकमध्ये तो रेलच्या मागच्या शेपटाच्या अगदी जवळ येतो. सर्व्हर चढला, दिवे लागले, सगळे खूश. वर्षभराने पॉवर सप्लाय बदलायची वेळ आली की तो बाहेरच येत नाही, कारण समोर पीडीयू. पहिला सर्व्हर बसवला की त्याचा पॉवर सप्लाय एकदा काढून-घालून बघा. मिनिटभराचं काम आहे.

स्विचची गोष्ट थोडी वेगळी. त्याला दोन्ही बाजूंना एल आकाराचे ब्रॅकेट लागतात. हलका, उथळ स्विच पुढच्या दोन ब्रॅकेटवर तग धरतो. लांब आणि जड स्विचला मागचा आधार हवाच, नाहीतर तो मागे लोंबतो आणि पुढचे स्क्रू ताणले जातात. ब्रॅकेट स्विचला लावताना खोक्यात आलेलेच स्क्रू वापरा. डोकं चपटं असतं, कारण उठलेलं डोकं खांबाला घासतं. आणि लांबी मोजून दिलेली असते, कारण लांब स्क्रू आत जाऊन बोर्डाला टेकू शकतो. ब्रॅकेट पुढे लावायचे की मागे, हे हवेच्या दिशेवर ठरतं. काही स्विच पोर्टच्या बाजूने हवा आत घेतात, काही तिथून बाहेर टाकतात. उलटा बसला तर तो रॅकच्या मागच्या गरम गल्लीतली हवा पिऊन चालतो. शिवाय रंगाच्या थरावरून अर्थिंग लागत नाही, म्हणून अर्थची तार जिथे आवळायची तिथे दातेरी वॉशर घाला.

वजनाबद्दल मला मनापासून सांगायचंय, विशेषतः मुलींना. मुलाखतीत मला विचारलं होतं, “तुम्हाला झेपेल का?” चांगल्या ठिकाणी जड सर्व्हर कुणीच एकट्याने उचलत नाही. दोघं लागतात, वरच्या यूसाठी लिफ्ट लागते. झेपण्याचा प्रश्न पद्धतीचा आहे, आणि पद्धत पाळून घेण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची आहे. लिफ्ट मागायला लाजू नका. जड वस्तू खाली, हलक्या वर. यूपीएस आणि बॅटरी सर्वात तळाला. सरकत्या रेलवरचा एक सर्व्हर पूर्ण बाहेर असताना दुसरा ओढू नका, रॅकच पुढे कलंडू शकतो. रॅकचे पाय खाली टेकवलेत का, पुढचा आधार लावलाय का, हे ओढण्याआधी बघा. सेफ्टी शूज घाला. कानात बोळे घाला, तो आवाज रोजचा आहे.

रिकाम्या यूवर ब्लँकिंग पॅनल, म्हणजे जागा झाकणारी पट्टी, लावा. पुढून उघड्या राहिलेल्या जागेतून मागची गरम हवा पुढे येते आणि शेजारचा सर्व्हर तीच घेतो.

शिकण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. कंपन्यांच्या रेलची माहितीपत्रकं इंटरनेटवर मोफत मिळतात, रोज एक वाचा, चित्रांसकट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुना छोटा रॅक, मूठभर केज नट आणि एखादा निकामी स्विच मिळतो का बघा. घरी दहा वेळा लावून काढलात की हात तयार होतो. वर्ष-दीड वर्षाने सीडीसीपीसारखी, डेटा सेंटरच्या कामाची परीक्षा द्या, तोवर तिच्यातले शब्द ओळखीचे झालेले असतील. पुढे केबलिंगकडे जाता येतं, वीज आणि कूलिंगकडे जाता येतं, नेटवर्ककडेही. मी आज रॅकचे नकाशे काढते, आणि कागदावर चौकोन भरताना मला त्याच्या मागचा पीडीयू दिसतो, कारण मी तिथे बसलेले आहे.

काम संपल्यावर पुढून एक आणि मागून एक फोटो काढा, मागच्या फोटोत यूचे आकडे दिसले पाहिजेत. ट्रेमधले उरलेले स्क्रू मोजा. एक कमी असेल तर तो सापडेपर्यंत वीज चालू करू नका. रेलसोबतचे जादा नट आणि ब्रॅकेट झिपच्या पिशवीत घाला, पिशवीवर मॉडेलचं नाव मार्करने लिहा आणि ती रॅकच्या आतल्या बाजूला, तळाशी बांधून ठेवा. दोन वर्षांनी रात्री तीन वाजता तो सर्व्हर हलवायला कुणीतरी येईल, आणि त्याला गोदामाची किल्ली मिळणार नाही.