लेह ते पोर्ट ब्लेअर : विमानाचं अंतर कसं धरावं?

दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर वेबसाइटवर शोधलं की मिळतो तो पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग. लेहचा कुशोक बकुला रिंपोचे विमानतळ ते पोर्ट ब्लेअरचा (शहराचं अधिकृत नाव आता श्री विजयपुरम) वीर सावरकर विमानतळ हे अंतर असं सुमारे 2,940 किमी भरतं. पण या मार्गावर थेट विमानच नसेल तर त्या आकड्याचा उपयोग काय? प्रवास तुकड्यांनी होतो, म्हणून बेरीजही तुकड्यांचीच करा. लेह–दिल्ली साधारण 620, दिल्ली–कोलकाता 1,310, कोलकाता–पोर्ट ब्लेअर 1,300. म्हणजे 3,200 च्या वर. चेन्नईमार्गे गेलात तर 3,750 च्या घरात.

आकडा नॉटिकल मैलांत दिसला तर 1.852 ने गुणा, किलोमीटर मिळतील. वेळेचा अंदाज हवा असेल तर प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर 800 ने भागून त्यात अर्धा तास मिळवा. लेह–दिल्ली असं सव्वा तासाच्या आसपास येतं, ते बऱ्यापैकी जुळतं.

शोधताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड नीट पाहा. लेहचा आयएक्सएल, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. शेवटचं एकच अक्षर वेगळं.

आणि लेहचं विमान रद्द झालं किंवा उशिरा सुटलं तर पुढचं विमान चुकेल असं कनेक्शन कधीच घेऊ नका. धावपट्टी 3,200 मीटरपेक्षा उंचावर, चहूबाजूंनी डोंगर, दुपारी वारा वाढतो. त्यामुळे विमानं बहुतेक सकाळीच असतात आणि हवामान बिघडलं की रद्द होतात. दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवाच.